छातीएवढी कपाशी

बुलढाणा जिल्ह्यात वाळवंट नाही, हे मी बत्तीस वर्षं चौथीच्या वर्गाला शिकवलं. मग निवृत्त झालो आणि वर्षाच्या आत स्वतःच्या हातानं आमच्या मुरूमखेडला एक वाळवंट लिहून दिलं. शाईसुद्धा माझीच होती.

त्याचं असं झालं. साल दोन हजार सतरा. बीटी कपाशीच्या बियाण्याचं पाकीट हातात देताना दुकानदार सांगायचा की बोंडअळी आता फक्त पुस्तकात पाहायला मिळेल. दिवाळीनंतर बोंडं फोडली, तर प्रत्येकात एक गुलाबी पाहुणी आरामात बसलेली. उंद्रीच्या बाजारात लोक रामराम करायच्या आधी एकमेकांना बोंडाचं विचारत होते. 'भरघोस सीड्स' नावाच्या कंपनीची पाकिटं आमच्या भागात सगळ्यात जास्त खपली होती, म्हणून शिव्याही तिलाच सगळ्यात जास्त बसत होत्या. कंपनीनं पुण्यात बसून विचार केला. नुकसानभरपाई दिली असती तर चूक कबूल केल्यासारखं झालं असतं. म्हणून शेतकऱ्याला जोश द्यायचं ठरलं.

तो जोश घेऊन जानेवारीत एक तरुण अधिकारी आला. त्याच्या पँटला घोट्यापर्यंत खिसे होते आणि एकातही काही नव्हतं. त्याला मोठ्या चाकांच्या जीपगाड्यांची, रस्ता सोडून आडरानातून धावायची शर्यत भरवायची होती; आणि ती वाळवंटातच पाहिजे होती, कारण परदेशात तशीच असते म्हणे. लोणारच्या सरोवरात गाड्या उतरवाव्यात, ही त्याची पहिली कल्पना. वनखात्याच्या माणसानं त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. परत जाताना अधिकारी चहाला आमच्या फाट्यावर थांबला आणि तिथे त्याला किसनराव भेटले.

किसनराव म्हणजे आमच्या गावचे पुढारी. सरपंच त्यांच्या पत्नी कोकिळाबाई आहेत, पण शिक्का किसनरावांच्या खिशात असतो आणि सही कुठे करायची ते कोकिळाबाईंना बोटानं दाखवलं जातं. किसनराव कधी खोटं बोलत नाहीत, असं त्यांचं स्वतःचं मत आहे. ते फक्त वाढवून बोलतात. घरी दोन म्हशी असल्या तर फाट्यावर येईपर्यंत त्या पाच होतात.

"साहेब, वायवंट पायजे ना?" किसनराव म्हणाले. "पन्नास एकर माळ पडून हाये आमचा. कुसळ उगवत नाही तथी. अन् शर्यतीचं म्हनसान, तं एकोणनव्वद सालीच घेतली आमी. कोन जिंकलं ते मी माह्या तोंडानं सांगत नाही."

आणि मग त्यांनी ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

अधिकारी हरखून गेला. वाळवंट मिळालं आणि वर इतिहासही मिळाला. तोवर जी नुसती शर्यत होती, तिचं त्या एका चहात 'ऐतिहासिक शर्यतीचं पुनरुज्जीवन' झालं. तारीख फेब्रुवारीतली ठरली. तहसीलदार मॅडम प्रमुख पाहुण्या ठरल्या. एक स्मरणिका काढायची ठरली आणि तिच्यात इतिहास लिहायला मी ठरलो.

निवृत्त मास्तराला कोणी काही विचारत नाही. बायकोसुद्धा भाजी कोणती आणू हे विचारत नाही. त्यामुळे किसनराव स्वतः घरी येऊन म्हणाले, "नारायण गुरुजी, तुमच्यावानी लेखनी जिल्ह्यात नाही," तेव्हा मी फुगलो. इतिहासाआधी त्यांना एक छोटं पत्र पाहिजे होतं, ग्रामपंचायतीतर्फे तहसीलला. आमचा माळ म्हणजे सरकारी गायरान. आमच्याकडे त्याला ई-क्लास म्हणतात. तो शर्यतीसाठी मोकळा आहे एवढंच लिहायचं होतं. मी लेखणी उचलली आणि लिहिलं: 'सदर ई-क्लास जमीन पूर्णतः वाळवंटसदृश असून तिच्यावर मानवी स्मरणात कधीही कोणतेही पीक घेतले गेलेले नाही.' 'मानवी स्मरणात' या दोन शब्दांवर मी खूश होतो. रात्री बायकोलाही वाचून दाखवले. ती म्हणाली, "तुमचं स्मरण कधीपासून गेलं?" मी दुर्लक्ष केलं.

कारण माझं स्मरण शाबूत होतं. पहिल्या शर्यतीची शिट्टी मीच वाजवली होती.

खरी हकिगत अशी. एकोणनव्वदच्या जानेवारीत कापूस संकलन केंद्रावर गाड्यांची रांग लागली होती. रांगेत आधी कोणाची गाडी, यावरून किसनराव आणि सईद मिस्त्री यांची जुंपली. किसनरावांकडे वडिलांची जीप होती. सईदकडे मलकापूरच्या भंगारातून आणलेला एक सांगाडा होता. त्यानं तो स्वतः वेल्डिंग करून उभा केला होता आणि पुढचं टोपण तेलाच्या डब्यांच्या पत्र्याचं होतं. बोलता बोलता पैज लागली. माळावरून धरणापर्यंत जायचं, वळसा घालून परत यायचं. सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं, जिलेबी वाटून झाली आणि सगळं गाव माळावर आलं. दुधाची मॅटाडोर आणि डॉक्टरांची राजदूत मोटारसायकलही हौसेनं उतरली. वर्गणी काढून एक करंडकही आणला होता.

किसनराव पुढे होते, हे मान्य केलं पाहिजे. परतीच्या वाटेवर त्यांना डाव्या अंगाला बायका उभ्या दिसल्या. आपण पुढे आहोत हे त्यांना नीट दिसावं म्हणून त्यांनी जीप तिकडून वळवली आणि ती सरळ बनाबाईच्या कपाशीत घुसली. बनाबाई तेव्हा पस्तिशीची असेल. भूमिहीन, नवरा दगडाच्या खाणीत वारलेला. तिनं माळाचा दोन एकर तुकडा गोटे वेचून साफ केला होता आणि पाच-सहा वर्षं पेरत होती. जीप चार तास तुडवत गेली आणि बांधावर अडकली. तास म्हणजे ओळी, घड्याळाचे नव्हेत.

बनाबाई ओटीत कापूस घेऊन वेचणीतच होती. तिनं आधी एक ढेकूळ मारून जीपचा दिवा फोडला. मग ती जीपसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सांडला तेवढा वेचून दे, मंग जाय." किसनरावांनी आवाज चढवून पाहिला, बापाचं नाव सांगून पाहिलं. ती हलली नाही. शेवटी पांढऱ्या टेरिकॉटच्या सफारीत किसनराव पाटील वाकले आणि तासभर कापूस वेचत राहिले. सगळं गाव ते पाहायला धावलं. तिकडे सईद पहिला आला, तेव्हा रेघेवर शिट्टी घेऊन मी एकटाच उभा होतो. चिखलीचा फोटोग्राफर शाळेचा फोटो काढायला आला होता, त्यानं जाता जाता एक फोटो काढला. त्यात कपाशी आहे, जीप आहे, कमरेवर हात ठेवून उभी बनाबाई आहे आणि मुठीत कापूस धरून वाकलेले किसनराव आहेत. मागे स्टुडिओचा शिक्का आणि तारीख.

पुढच्याच वर्षी किसनराव सरपंच झाले आणि शर्यत बंद झाली. कारण विचारलं की ते देशाच्या इंधनटंचाईबद्दल बोलायचे. तो फोटो सईदच्या गॅरेजमध्ये एकोणतीस वर्षं टांगलेला आहे आणि किसनराव एकोणतीस वर्षं सांगत आले आहेत की त्यात वाकलेला माणूस ते नव्हेत, कोणी मजूर असेल.

तर हे सगळं माहीत असूनही मी 'मानवी स्मरणात' असं लिहिलं. त्याची शिक्षा पंधरा दिवसांनी माझ्या ओट्यावर येऊन बसली.

बनाबाई आता पासष्टीची आहे. तिच्या हातात माझ्या पत्राची झेरॉक्स होती. तिला वाचता येत नाही, पण कोणी लिहिलं ते तिला कळलं होतं.

"मास्तर, हे तुमी लिवलं?"

"हो."

"मंग माही दोन एकर कोन पेरून राह्यलं व्हतं? भूत?"

मी तिला चहा विचारला. तिनं नको म्हटलं, आणि ती कधी चहाला नको म्हणत नाही.

गोष्ट साधी होती. सरकारचा नियम असा आहे की नव्वद सालच्या एप्रिलच्या आधीपासून जो भूमिहीन माणूस गायरान कसतो आहे, त्याच्या नावे ती जमीन करून मिळते. बनाबाईचा अर्ज तहसीलमध्ये कितीतरी वर्षं पडून होता. सरकारी जमीन कसते म्हणून दरसाल भरलेल्या दंडाच्या पावत्या तिच्याकडे होत्या, पण एका उन्हाळ्यात छप्पर जळालं त्यात त्याही गेल्या. तलाठ्याचं त्या सालचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं होतं. तरीही नव्या तहसीलदार मॅडमनी फाईल वर काढली होती. एवढ्यात माझं पत्र जाऊन पोचलं.

"तहसीलचा बाबू म्हने, बाई, तुही पंचायतच लिहून देते का तथी कधी काही पिकलंच नाही, तं तू कायचा हक्क मांगतं? या महिन्यात फाईल बंद होते म्हने." तिनं झेरॉक्सची घडी केली. "माही पऱ्हाटी, उभी कपाशी, ती बी गेली, मास्तर. किसनरावचा ट्रॅक्टर फिरला तिच्यावर काल. म्हने, वायवंटात पऱ्हाटी बरी दिसत नाही."

मला लाज वाटली. मी म्हणालो, "मी दुसरं पत्र लिहितो, आधीचं चुकलं म्हणून."

"तुमच्या कागदावर शिक्का हाये का?"

नव्हता. शिक्का किसनरावांच्या खिशात होता. आणि ते का देतील? कंपनीनं बोलता बोलता कबूल केलं होतं की शर्यत जमली तर दरसाल होईल, कायमचा ट्रॅक होईल, ट्रॅकला लागून हॉटेल होईल. किसनरावांनी एका संस्थेची नोंदणीही करून टाकली होती. सगळा माळ त्या संस्थेला पाहिजे होता, मधोमध बनाबाई नको होती.

मी सईदच्या गॅरेजमध्ये गेलो. सईदही आता सत्तरीला टेकला आहे. गाड्या त्याचा मुलगा मतीन पाहतो, सईद खुर्चीत बसून त्याच्या चुका काढतो. मी सगळं सांगितलं आणि भिंतीवरचा फोटो मागितला.

"फोटो घेऊन जा, गुरुजी," सईद म्हणाला. "पर ह्या फोटोनं काय होते? कपाशी तं साऱ्या मुलखात असते. तारीख हाये मागं, पर हा माळ आपलाच, हे सांगनारा पायजे. माह्यं नाव घ्याल तं म्हनतीन बाईचा शेजारी हाये. सांगाले पाटीलच पायजे."

"तो तर हा मी नाहीच म्हणतो."

सईद बराच वेळ हसला. "पाटलाले खरं बोलता येत नाही, हे तं सारं गाव जानते. पर त्याले लहान बी बोलता येत नाही. तुमी त्याले लहान करून पाहा."

तेवढ्यावर मी घरी गेलो आणि इतिहास लिहायला बसलो. आयुष्यात इतकं कोरडं कधी लिहिलं नाही. 'सन १९८९ च्या शर्यतीत श्री. सईद मिस्त्री हे प्रथम आले. मैदान संपूर्ण मोकळे व सपाट होते. मार्गात कोणताही अडथळा नव्हता. श्री. किसनराव हे मागे राहिले. त्याचे कारण कळून येत नाही.'

किसनरावांनी ते वाचलं आणि त्यांच्या मिशा थरथरल्या. "गुरुजी, मी जिंकलो व्हतो."

"करंडक सईदच्या फळीवर आहे. त्याच्यावर नाव कोरलेलं आहे. पेपरवाले येणार आहेत, ते पाहतील."

"मंग निदान असं मोकळं मैदान कायले लिहिता? लोक काय म्हनतीन? मोकळ्या रानात जीप नाही चालवता आली म्हनतीन."

"पण पत्रात आपण तसंच लिहिलंय. अडथळा काही नव्हताच की."

"कसा नव्हता?" किसनराव उठून उभे राहिले. "कपाशी व्हती ना मधात. छातीएवढी."

मी लेखणी खाली ठेवली. "छातीएवढी कपाशी होती?"

"मंग. जीप दिसत नव्हती माही." आता ते चालू लागले, माझ्या खोलीत इकडून तिकडे. "अन् मी पुढं व्हतो. जिंकलोच व्हतो. पन मधात गरीब बाईचं उभं पीक पाह्यलं, अन् मनात म्हनलं, किसन, शर्यत मोठी का शेतकऱ्याचं पीक मोठं? थांबलो. खाली उतरलो. सांडला तेवढा कापूस माह्या हातानं वेचून देला तिले." ते थांबले. स्वतःच्याच गोष्टीनं त्यांचे डोळे भरून आले होते. "तो फोटो हाये ना सईदकडं. तो कोन हाये? मीच तं हाये."

एकोणतीस वर्षं जो मजूर होता, तो माझ्या डोळ्यांदेखत किसनराव झाला. मी म्हणालो, "हे तुमच्याच नावानं छापू. खाली तुमची सही."

"छापा. फोटो मोठा टाका."

मी तसंच केलं. सालासकट, गावासकट, बनाबाईच्या नावासकट.

शर्यतीच्या आदल्या दिवशी कंपनीनं पूर्णेची चार टिप्पर रेती आणून सुरुवातीच्या रेघेजवळ पसरली, फोटोत वाळवंट यावं म्हणून. सकाळी पाहिलं तर रेती नव्हती. गावात सतरा घरकुलांचं बांधकाम सिमेंट असून रेतीवाचून अडलेलं होतं, एवढंच सांगतो. अधिकारी रडकुंडीला आला. मग मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या काठेवाड्यांकडून एक उंट आणला आणि तो रेघेवर उभा केला. उंटानं शांतपणे कंपनीचा कापडी फलक खायला घेतला. 'भरघोस'मधले 'भ' आणि 'र' गेले. राहिलं ते वाचून लोक दिवसभर एकमेकांना विचारत होते की घोस सीड्स ही कोणती नवीन कंपनी.

पुण्या-नाशिकहून बारा जीपगाड्या आल्या होत्या. शिरस्त्राणं घातलेली माणसं त्यातून उतरून एकमेकांचे फोटो काढत होती. वर एक ड्रोन गुणगुणत होता. गाड्या सुटल्या, मुरूम उधळला, आणि धुरळ्यात कोण पुढे कोण मागे काही कळेना. ज्यांच्या कपाशीला अळी लागली होती ती माणसं हातावर हात ठेवून बघत होती. शेजारी उभ्या म्हाताऱ्या पुंजाजीनं मला विचारलं, "गुरुजी, हे घाई कायची करून राह्यले?"

बक्षीस कोणाला मिळालं ते आठवत नाही. त्याला कंपनीनं बियाण्याची पाकिटं दिली. तो इंजिनिअर होता, ती पाकिटं तो मंचावरच विसरला.

मग किसनराव माईकवर उठले. एकोणनव्वद साल, छातीएवढी कपाशी, वाकलेले ते स्वतः. छापलं होतं त्याहून वाढवून सांगितलं. बनाबाईनं त्यांना ओवाळलं, हेही आलं. अधिकाऱ्यानं डोळे पुसले. शेतकऱ्याच्या पिकासाठी शर्यत सोडणारा माणूस कंपनीला यंदा फारच पाहिजे होता. त्यानं तिथल्या तिथे किसनरावांना 'कपाशीचा पहारेकरी' अशी पदवी दिली, शाल दिली, पेपरवाल्यांसमोर फोटो घेतले. तहसीलदार मॅडम स्मरणिका चाळत होत्या. एका पानावर त्यांचं बोट थांबलं.

"बनाबाई म्हणजे त्याच का, ज्यांची फाईल माझ्याकडे आहे?" त्यांनी मला विचारलं.

"त्याच," मी म्हणालो. "त्या तिथे, उंटापाशी उभ्या आहेत."

आठ दिवसांनी तहसीलमधून बोलावणं आलं. किसनरावांना, बनाबाईला, सईदला आणि मला. किसनराव शाल पांघरूनच आले. सोबत त्यांचा पुतण्या गणेश होता. तो वकिली शिकतो.

मॅडमच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी होते. एक माझं पत्र, एक स्मरणिकेचं पान. वर सईदचा फोटो.

"किसनराव, पंचायत लिहिते की इथे कधीच पीक नव्हतं. तुम्ही सहीनिशी लिहिता की एकोणनव्वदला छातीएवढी कपाशी होती. दोन्ही खरं असू शकत नाही. कोणतं धरू?"

गणेश किसनरावांच्या कानाशी लागला. खोली लहान होती, सगळ्यांना ऐकू गेलं. "काका, पीक नव्हतंच म्हना. पीक व्हतं म्हनलं का जमीन तिची. ट्रॅक गेला, हॉटेल गेलं."

किसनरावांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी पत्राकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, गेलं. शहाणा झाला हा माणूस, साठ वर्षांत पहिल्यांदा, आणि नेमका आज. बनाबाई खुर्चीच्या कडेवर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर. ती कोणाकडेच पाहत नव्हती.

"मॅडम," बाकावरून सईद हळूच म्हणाला, "पाटलाले कायले तरास देता. लिहून घ्या, मोकळंच रान व्हतं. ते अन् मी, दोघंच. मी पुढं गेलो, ते राह्यले मागं. पेपरात आलं ते आलं. त्याचं काय, काढून टाकतीन ते दुसऱ्या दिवशी, चुकून छापलं म्हनून."

किसनरावांनी शाल सारखी केली.

"कपाशी व्हती," ते म्हणाले. "आना कागद."

जबाब लिहून झाला. त्यांनी झोकात सही केली आणि सही केल्यावर परत कागद मागून घेऊन 'छातीएवढी' या शब्दाखाली एक रेघ ओढली. गणेशनं कपाळाला हात लावला.

"आणि हे पत्र कोणी लिहिलं?" मॅडमनी विचारलं.

"गुरुजीनं," किसनराव लगेच म्हणाले. "माह्या बायकोची निस्ती सही हाये."

"मी लिहिलं," मी म्हणालो. "खोटं आहे. मला माहीत होतं आणि तरी लिहिलं. त्या दिवशी शिट्टी मी वाजवली होती." तेही लिहून घेतलं गेलं आणि त्याखाली मी सही केली. मॅडम म्हणाल्या, यावर तुम्हाला खुलासा द्यावा लागेल. मी म्हणालो, देतो.

आता फक्त बनाबाईचा अंगठा राहिला होता. बाबूनं तिला जबाब वाचून दाखवला. सगळं शांतपणे ऐकून घेऊन ती म्हणाली, "छातीएवढी? नाही, मॅडम. गुडघ्याले बी लागत नव्हती."

किसनराव ताठ झाले. मी खोकलो. सईद खोकला. बाबूही खोकला.

"बाई, कपाशी होती ना?" मॅडमनी विचारलं.

"व्हती."

"मग लावा अंगठा. उंचीचं काही नाही."

तिनं अंगठा लावला, पण तिला ते पटलं नव्हतं. बाहेर निंबाखाली आल्यावर ती माझ्यावर उखडली. जमीन नावावर होणार, महिन्या-दोन महिन्यांत सातबारा हातात येणार, हे मी तिला तीनदा सांगितलं. तिनं तीनदा मान हलवली, आणि पुन्हा तेच. "खोटं काऊन लिवू देलं, मास्तर? अगुदर तुमी लिवलं काहीच नव्हतं. आता तो लिवते छातीएवढी. जे व्हतं ते काऊन लिवत नाही कोनी?"

"बाई, तुझं काम झालं ना. छातीएवढी म्हटल्यानं तुझं काय जातं?"

ती पदरानं अंगठ्याची शाई पुसत राहिली.

"छातीएवढी यंदा झाल्ती," ती म्हणाली. "त्या पाकिटाची. मी बुडाले त्याच्यात. एक बोंड धड नव्हतं." तिनं अंगठा उन्हात धरून पाहिला. शाई गेली नव्हती. "तव्हाची गुडघ्याएवढी व्हती, मास्तर. पन कापूस व्हता तिले."